रेडोम
रेडोम : रडारच्या अँटेनाला वारा, पाऊस व धूळ यांपासून वाचवणारे, पण रेडिओ तरंगांना वाट देणारे कवच. विमानाचे निमुळते नाक हे त्याचे सर्वांत परिचित रूप. कार्बन तंतू कितीही मजबूत असला तरी तो विद्युत् संवाहक आहे, तरंग अडवतो. म्हणून इथे राज्य काचतंतूचे.

दुसऱ्या महायुद्धात प्लायवूडचे रेडोम वापरले गेले. ते ओल धरत आणि रडार मंदावे. 1944 मध्ये अमेरिकेत काचतंतूच्या दोन पातळ थरांमध्ये हलका गाभा घालून ही अडचण दूर केली गेली. आज गाभा बहुधा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा जाळीदार असतो.

काच निवडताना विद्युत् अपारक स्थिरांक पाहतात; तो जितका कमी, तितकी तरंगांना वाट मोकळी. नेहमीच्या ई-काचेचा तो सुमारे 6, डी-काचेचा 4 आणि क्वार्ट्झचा 3.8 असतो. क्वार्ट्झ उत्तम, पण महाग. भारताच्या ‘तेजस’ विमानाला केवलार या कृत्रिम तंतूऐवजी क्वार्ट्झचा रेडोम बसवल्यावर रडारचा पल्ला सुधारला.

भरीव भिंतीची जाडी पदार्थातील तरंगलांबीच्या निम्मी ठेवली, की दोन्ही पृष्ठभागांवरून परतणारे तरंग एकमेकांना जवळजवळ रद्द करतात. 10 गिगाहर्ट्झला, स्थिरांक 4 धरल्यास, ही जाडी 7.5 मिमी. भरते. साहजिकच दुरुस्ती नाजूक काम ठरते: थर सुटले का हे नाण्याने हलके ठोकून, आवाजाच्या फरकावरून ओळखता येते; मात्र ठिगळ जाड झाले तर तरंग बिघडतात. धातुयुक्त रंग रेडोमला वर्ज्य आहे.