मेसेन्कायमल मूलपेशी

मेसेन्कायमल मूलपेशी या अस्थिमज्जा, मेद ऊती व नाळ यांत आढळणाऱ्या पेशी असून त्यांपासून हाड, कूर्चा व मेद यांच्या पेशी तयार होऊ शकतात. ही संज्ञा अमेरिकी जीवशास्त्रज्ञ अर्नोल्ड कॅप्लान यांनी १९९१ मध्ये रूढ केली. सांध्यात टोचल्यावर या पेशी नवी कूर्चा घडवण्यापेक्षा दाह कमी करणारी द्रव्ये स्रवून परिणाम करतात, असे आता मानले जाते.

बंगळूरच्या स्टेमप्युटिक्सने दात्यांच्या अस्थिमज्जेपासून विकसित केलेले गुडघ्याच्या झीजजन्य संधिवातावरील औषध मुंबईच्या अल्केम कंपनीने २०२२ मध्ये ‘स्टेमवन’ नावाने बाजारात आणले. मान्यता नसलेल्या विकारांवर या पेशींचा वापर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार केवळ मंजूर चिकित्सालयीन चाचणीतच करता येतो. अशा चाचणीतील रुग्णाकडून उपचाराचे शुल्क घेता येत नाही.