नट, बोल्ट व वॉशर : पोलादी बांधकामातील जोडणी-विनिर्देशांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पोलादी इमारत, पूल किंवा कारखान्याची शेड यांचा विचार करताना लक्ष जाते ते स्तंभ आणि तुळयांकडे. हे घटक ज्या सांध्यांनी एकत्र येतात त्या सांध्यांतील नट, बोल्ट आणि वॉशर ही बाब सामान्यतः किरकोळ मानली जाते. प्रत्यक्षात घटक पुरेसा मजबूत असूनही सांधा निकामी झाल्याने संरचना कोसळल्याची उदाहरणे अभियांत्रिकीच्या इतिहासात नोंदलेली आहेत. आज या सुट्या भागांची निवड डिटेलिंगच्या सॉफ्टवेअरमधील एका यादीतून होते. त्या यादीतील प्रत्येक ओळीमागे सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. बोल्ट कोणता असावा हा निर्णय कारागिराच्या हातून मानकांकडे आणि मानकांकडून संगणकाच्या यादीकडे कसा गेला, आणि या स्थित्यंतरात जबाबदारीचे काय झाले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

आट्यांचे प्रमाणीकरण

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एका ठिकाणी तयार झालेला नट दुसऱ्या ठिकाणच्या बोल्टवर बसेलच याची खात्री नव्हती. दुरुस्तीच्या वेळी कोणता नट कोणत्या बोल्टचा, हे जपून ठेवावे लागे. लंडनमधील हेन्री मॉड्सलीच्या कारखान्यात आटे पाडण्याच्या अचूक लेथचा विकास झाला. याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स या संस्थेपुढे एकसमान आट्यांची योजना मांडली. आट्यांचा कोन ५५ अंश, माथा व तळ गोलसर आणि प्रत्येक व्यासासाठी दर इंचाला ठरावीक आटे, असे तिचे स्वरूप होते. निरनिराळ्या कारखान्यांतील प्रचलित बोल्टांचे नमुने गोळा करून त्यांतून मध्यम मार्ग काढल्यामुळे ही योजना उद्योजकांना स्वीकारार्ह वाटली.

अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ साली फिलाडेल्फियातील फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये वेगळी पद्धत सुचविली. तिच्यात कोन ६० अंशांचा आणि माथा सपाट होता. सामान्य कारागिराला असा आटा पाडणे सोपे जाते, असा त्याचा युक्तिवाद होता. परिणामी दोन औद्योगिक राष्ट्रांत दोन पद्धती रूढ झाल्या. अर्ध्या इंची बोल्टला व्हिटवर्थ पद्धतीत दर इंचाला १२ आटे असत, तर सेलर्स पद्धतीत १३. व्यास तोच असूनही एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसत नसे. दुसऱ्या महायुद्धात संयुक्त शस्त्रनिर्मिती करताना या विसंगतीची मोठी किंमत मोजावी लागली. त्यातूनच १९४८ साली ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी ६० अंशांच्या एकीकृत आट्यांना मान्यता दिली. दरम्यान १९४७ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटना स्थापन झाली होती आणि मेट्रिक आट्यांचे आंतरराष्ट्रीय मानक पुढे तिच्यामार्फत आकाराला आले. परस्परांना न ओळखणाऱ्या दोन कारखान्यांचे भाग एकमेकांत बसू शकतील, ही हमी हे या कालखंडाचे फलित होय. मात्र ही हमी मापापुरतीच होती. ताकदीचा प्रश्न अद्याप अनुत्तरित होता.

रिव्हेटकडून उच्च-ताकदीच्या बोल्टकडे

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोलादी बांधकामातील मुख्य जोडणी रिव्हेटची होती. १९४३ साली वाहतुकीस खुला झालेला कोलकात्याचा हावडा पूल हे त्याचे ठळक भारतीय उदाहरण आहे. रिव्हेट लालबुंद तापवून भोकात घातला जाई व ठोकून त्याचे दुसरे डोके तयार केले जाई. थंड होताना तो आकुंचन पावे आणि पत्रे एकमेकांवर आवळले जात. परंतु ही आवळ किती येईल हे आधी सांगता येत नसे. शिवाय तापविणारा, झेलणारा, आधार देणारा व ठोकणारा अशी कुशल माणसांची टोळी लागे.

ब्रिटनमध्ये बाथो आणि बेटमन यांनी १९३४ साली प्रयोगाअंती असे दाखविले की, पुरेशा ताकदीचा बोल्ट नीट आवळल्यास सांध्यातील पत्रे घर्षणामुळे सरकत नाहीत. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातील विल्सन व थॉमस यांच्या १९३८ सालच्या चाचण्यांतून थकव्याच्या भारालाही असे बोल्ट उत्तम टिकतात, हे स्पष्ट झाले. १९४७ साली रिव्हेट व बोल्टच्या सांध्यांसाठी स्वतंत्र संशोधन परिषद स्थापन झाली, १९४९ साली ए ३२५ हे बोल्टचे अमेरिकन मानक तात्पुरत्या स्वरूपात प्रसिद्ध झाले आणि १९५१ सालच्या विनिर्देशाने एका रिव्हेटच्या जागी एक बोल्ट वापरण्यास मान्यता दिली. १९६४ साली अधिक ताकदीच्या बोल्टसाठी ए ४९० हे मानक आले.

या टप्प्यावर विनिर्देशाचा अर्थच बदलला. बोल्टचे काम आता केवळ भोकात अडकून राहण्याचे नव्हते, तर ठरावीक ताणाखाली राहून पत्रे दाबून धरण्याचे होते. तो ताण कसा द्यावयाचा हेही लिहून द्यावे लागले. नट पान्याने घट्ट बसविल्यानंतर बोल्टच्या लांबीनुसार आणखी एक-तृतीयांश, अर्धा किंवा दोन-तृतीयांश फेरा द्यावा, ही पद्धत त्यातूनच रूढ झाली. वॉशरच्या नियमांतही याच काळात बदल झाले. आरंभी बोल्टचे डोके व नट या दोन्हींखाली कठीण केलेला वॉशर आवश्यक मानला जाई. अनुभवाच्या आधारे ही अट क्रमशः शिथिल करण्यात आली. तथापि मोठ्या किंवा लांबट भोकांवर वॉशर आवश्यकच राहिला. नटची निवडही स्वतंत्रपणे करता येईनाशी झाली. जास्त आवळल्यास नटचे आटे न सोलता बोल्टचा दांडा तुटावा, असा या मानकांचा सर्वसाधारण हेतू असतो. कारण तुटलेला दांडा कामगाराच्या लगेच ध्यानात येतो, सोललेले आटे मात्र लपून राहतात. थोडक्यात, बोल्ट, नट व वॉशर हे तीन सुटे भाग न राहता त्यांचा एक संच झाला.

भारतीय मानकांचा प्रवास

भारतात ब्रिटिश अंमलामुळे व्हिटवर्थचे आटे व इंचाची मापे रुजली होती. १९४७ साली भारतीय मानक संस्था स्थापन झाली व १९५६ सालच्या वजन-मापविषयक कायद्याने देश मेट्रिक पद्धतीकडे वळला. तरीही कारखान्यांत व हार्डवेअरच्या दुकानांत इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत हे माप टिकून राहिले. कागदावर २० मिलिमीटर आणि बोलण्यात सहा सूत, असा दुहेरी व्यवहार त्यातून निर्माण झाला. सहा सूत म्हणजे १९.०५ मिलिमीटर. फरक एक मिलिमीटरपेक्षा कमी असला, तरी त्यामुळे नट बोल्टवर बसत नाही.

पोलादी बांधकामाची मुख्य संहिता आयएस ८०० ही आहे. उच्च-ताकदीच्या बोल्टसाठी आयएस ३७५७, त्यांच्या नटांसाठी आयएस ६६२३ आणि वॉशरसाठी आयएस ६६४९, तर ते वापरण्याच्या पद्धतीसाठी आयएस ४००० अशी रचना आहे. म्हणजे एका सांध्याचा विनिर्देश पूर्ण करण्यासाठी किमान पाच मानकांचा मेळ घालावा लागतो. आयएस ८०० च्या २००७ सालच्या आवृत्तीने मर्यादा-अवस्था पद्धती स्वीकारली. बोल्टवरील ८.८ हा आकडाही असाच अर्थगर्भ आहे. पहिला आठ ८०० मेगापास्कल ताणसामर्थ्य सांगतो, दुसरा ०.८ हा पराभव-बिंदूचे त्या सामर्थ्याशी असलेले गुणोत्तर दर्शवितो.

कॅन्सस सिटीतील धडा

१७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील हयात रीजन्सी हॉटेलमधील दोन टांगते मार्ग कोसळले व ११४ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. मूळ आराखड्यात दुसऱ्या व चौथ्या मजल्यांचे मार्ग छतापासून निघालेल्या एकाच अखंड सळईवर टांगलेले होते. चौथ्या मजल्याच्या तुळईखाली नट फिरवत नेण्यासाठी सळईच्या मोठ्या लांबीवर आटे पाडावे लागले असते. ते टाळण्यासाठी एका सळईच्या जागी दोन सळया सुचविण्यात आल्या. एक सळई छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत आणि दुसरी तेथून दुसऱ्या मजल्यापर्यंत, असा हा बदल होता. रेखाचित्रावर तो किरकोळ दिसला. परंतु त्यामुळे चौथ्या मजल्याच्या तुळईखालील नट व वॉशरवर एका मार्गाऐवजी दोन मार्गांचा भार आला. नट तुळईच्या पेटीतून आरपार ओढला गेला. चौकशीत असेही आढळले की, मूळ रचनादेखील स्थानिक नियमांनुसार अपेक्षित क्षमतेच्या सुमारे ६० टक्केच भार पेलू शकली असती. हा बदल असलेली शॉप ड्रॉइंग मंजूर झालेली होती. जोडणीच्या तपशिलाची अंतिम जबाबदारी कोणाची, हा प्रश्न यानंतर अमेरिकन अभियंत्यांच्या व्यावसायिक चर्चेच्या केंद्रस्थानी आला आणि संबंधित अभियंत्यांचे परवाने रद्द करण्यात आले.

आरेखन-फलकाकडून संगणकाकडे

शॉप ड्रॉइंगचे काम याच सुमारास संगणकाकडे वळू लागले होते. १९८० च्या दशकात अमेरिकेत एसडीएस/२ आणि १९९० च्या दशकात फिनलंडमध्ये एक्सस्टील ही पोलादी डिटेलिंगची सॉफ्टवेअर विकसित झाली. २००४ साली एक्सस्टीलचे नाव टेक्ला स्ट्रक्चर्स झाले. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील कार्यालयांतून देशी तसेच परदेशी प्रकल्पांचे डिटेलिंग होऊ लागल्यामुळे भारतीय अभियंत्याला एकाच वेळी भारतीय, अमेरिकन व युरोपीय मानकांशी व्यवहार करावा लागतो.

टेक्लामध्ये या माहितीच्या दोन पातळ्या आहेत. पहिल्या यादीत प्रत्येक बोल्ट, नट व वॉशरची मापे स्वतंत्रपणे नोंदलेली असतात. दुसऱ्या यादीत त्यांचे संच मानकाच्या नावाखाली बांधलेले असतात. वापरकर्ता व्यास व मानक निवडतो आणि कोणते वॉशर व नट घ्यावयाचे ते खुणा करून सांगतो. आवळल्या जाणाऱ्या पत्र्यांची जाडी, वॉशर, नट व जादा लांबी यांची बेरीज करून सॉफ्टवेअर यादीतील योग्य लांबीचा बोल्ट निवडते. सर्व खुणा काढल्यास केवळ भोक उरते. इतिहासाने घडविलेली संच ही कल्पना येथे प्रत्यक्ष रूपात दिसते.

परंतु यादीला सांध्याचे वर्तन कळत नाही. खूण राहून गेलेला वॉशर सामानाच्या यादीतूनही गळतो. जुन्या प्रकारच्या तुळईच्या उतरत्या पाखावर लागणारा उताराचा वॉशर कोणी सुचविल्याशिवाय येत नाही. मानकांची नावेही बदलतात. अमेरिकेत ए ३२५ व ए ४९० ही मानके एफ ३१२५ या एकाच मानकात समाविष्ट झाली व २०१६ साली स्वतंत्र मानके म्हणून मागे घेण्यात आली; जुनी नावे आता त्यातील प्रती म्हणून उरली आहेत. जुन्या प्रकल्पावरून नकललेल्या यादीत अशा नोंदी तशाच राहू शकतात.

मापे जुळली तरी विनिर्देश चुकू शकतो, हे सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे पुलाने दाखविले. मार्च २०१३ मध्ये तेथील भूकंपरोधक भागाच्या ९६ मोठ्या सळयांपैकी ३२ सळया आवळल्यानंतर काही दिवसांतच तुटल्या. अतिशय कठीण पोलाद, त्यावर जस्ताचा लेप आणि मोठा ताण यांच्या संयोगात हायड्रोजनमुळे ठिसूळपणा आला होता. तेवढ्याच ताकदीच्या ए ४९० बोल्टला उष्ण जस्तलेप देण्यास मानकाने पूर्वीच मनाई केली होती. ज्ञान उपलब्ध होते, पण त्या सळयांचे मानक वेगळे असल्याने ती मनाई तेथे लागू झाली नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, व्हिटवर्थपासूनच्या प्रमाणीकरणाने अनोळखी माणसांच्या कामावर विश्वास ठेवणे शक्य केले. दुसरी, उच्च-ताकदीच्या बोल्टने सुट्या भागांचा संच केला. त्यामुळे त्यातील एकाची निवड उरलेल्या दोघांचा विचार न करता करता येत नाही. तिसरी, प्रत्येक टप्प्यावर निर्णय अधिक सोपा आणि अधिक अदृश्य होत गेला. कारागीर नट हाताने फिरवून पाहत असे, तर डिटेलर यादीतील एका ओळीवर खूण करतो. या सोयीचे मूल्य मोठे आहे; मात्र निवडीची जबाबदारी यादीकडे सोपविता येत नाही. म्हणून अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात सॉफ्टवेअरच्या आज्ञांबरोबर त्यांमागील मानकांचा इतिहासही शिकविला जाणे आवश्यक आहे. वॉशर कशासाठी असतो हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच तो यादीत नसल्याचे जाणवेल.