अस्सल, नक्कल आणि आग

1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेला, तोपर्यंत यवतमाळ जिल्ह्यातला दिग्रसचा मुलूख आणि अजिंठ्याची लेणी ही दोन्ही एकाच निजामाच्या अमलात होती. म्हणून नाजूक चित्रांच्या व पोथ्यांच्या प्रतिकृती घेण्याच्या विद्येचा आपल्याकडील इतिहास सांगू लागलो, तर वऱ्हाडच्या वेशीबाहेर फार दूर जावे लागत नाही. जेम्स फर्ग्युसनने 1843 मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांची महती विलायतेतील विद्वानांच्या कानी घातली आणि ती नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या नकला करून घ्याव्यात, असा आग्रह धरला. त्यावरून कंपनी सरकारने मद्रास फौजेतील रॉबर्ट गिल याची या कामी नेमणूक केली. गिलने पुढील कित्येक वर्षे लेण्यांच्या अंधाऱ्या दालनांत कॅनव्हास उभे करून मूळ चित्रांच्या बरोबरीच्या आकाराच्या तैलप्रतिकृती केल्या. लंडनजवळ सिडनहॅमच्या स्फटिकमहालात त्या मांडल्या होत्या, आणि 1866 च्या डिसेंबरात तेथे लागलेल्या आगीत बोटांवर मोजण्याइतक्या सोडून साऱ्या जळून गेल्या. एका माणसाच्या ऐन उमेदीची इतकी वर्षे एका रात्रीत राख होण्याचा हा प्रसंग मला आजही वाचवत नाही. गिलने मधल्या काळात कॅमेराही हाती घेतला होता, आणि अजिंठ्याप्रमाणेच लोणारच्या दैत्यसूदन मंदिराची त्याने टिपलेली छायाचित्रे वऱ्हाडच्या शिल्पवैभवाच्या अगदी आरंभीच्या प्रकाशलेखांपैकी आहेत. 1879 मध्ये तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

आगीच्या या धड्यावरून काही शिकावे, तो दुसरा प्रसंग घडला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचा जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून 1885 पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यास हिवाळ्यात मुक्काम करी. पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावारूपास आलेले चित्रकार त्या विद्यार्थ्यांत होते, आणि त्यांच्या हातून सुमारे 300 रंगवलेले कॅनव्हास तयार झाले. ते विलायतेस रवाना झाले, साउथ केन्सिंग्टनला एकाच ठिकाणी ठेवले गेले, आणि 1885 मध्ये तेथेही आग लागून त्यांतले पुष्कळ नष्ट झाले. जे वाचले त्यांच्या आधारे ग्रिफिथ्सचा दोन खंडांचा ग्रंथ 1896-97 मध्ये निघाला. पुढे लेडी हेरिंगहॅम नंदलाल बोस आदींना घेऊन आली, औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आपल्या चित्रकारांसह जाऊन आले, आणि निजाम सरकारच्या आश्रयाने गुलाम याझदानींनी 1930 ते 1955 या काळात चार भागांत रंगीत छायाचित्रांचा ग्रंथ सिद्ध केला. परंतु या उद्योगाची एक बाजू मनाला लागून राहते. फिकट झालेले रंग नकलेसाठी उठून दिसावेत म्हणून त्या काळी भिंतींवर रोगण फासले गेले. 1920 च्या सुमारास इटलीहून आलेल्या जाणकारांनी चित्रे राखण्यासाठी लाखेचे रोगण वापरले, आणि ते काळाने पिवळे पडून चित्रांवर काळोखीचा थर बसला. नक्कल करण्याच्या आणि राखण्याच्या हौसेने अस्सलाला पोचलेली ही इजा आजही रसायनतज्ज्ञांना हळूहळू धुऊन काढावी लागते.

याच प्रदेशात अगदी निराळी परंपरा महानुभावांची. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी खालशाच्या, म्हणजे दिल्लीच्या सुलतानी फौजेच्या, धाडीत हरपली, असे संप्रदाय मानतो. तरी ग्रंथ नाहीसा झाला नाही, कारण हिराइसेसारख्या शिष्यांच्या मुखी तो होता, आणि पुढे मठोमठी लेखकांनी त्याच्या नकला उतरवल्या. त्यामुळे पाठभेद झाले, हे खरे, वि. भि. कोलत्यांना 1978 च्या आवृत्तीसाठी अनेक पोथ्या ताडून पाहाव्या लागल्या. परंतु ज्याच्या शंभर नकला शंभर घरांत आहेत त्याला एक आग संपवू शकत नाही. यवतमाळच्या शारदाश्रमात य. खु. देशपांड्यांनी जो संग्रह उभा केला, त्यामागेही हीच जाण असावी.

आताची सूक्ष्म प्रतिमांकनाची विद्या हुबेहूब नक्कल आणि अनेक घरी अनेक प्रती या दोन्ही वाटा एकत्र आणू शकते, आणि ती पोथीला स्पर्शसुद्धा जवळजवळ करीत नाही. सुट्या पानांची जुनी पोथी यंत्राच्या सपाट पाटावर येते, तेव्हा वरून काच दाबली जात नाही. उष्णता न देणारा मंद प्रकाश दोन्ही बाजूंनी तिरका पडतो, वर स्थिर धरलेला कॅमेरा एकाच पानाच्या अनेक तुकड्यांची चित्रे घेतो व ती मागाहून एकमेकांना जुळवली जातात, आणि शेजारी ठेवलेल्या रंगपट्टीवरून शाईचा काळेपणा व कागदाचा पिवळेपणा यांचे प्रमाण ठरते. अशा प्रतिमेत मग असे काही दिसते, जे नुसत्या डोळ्याला दिसले नसते: चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावून लेखकाने वर नवे अक्षर लिहिले आहे, आणि त्या पिवळ्या लेपाखाली पहिल्या अक्षराचा काजळी कणा अंधूक डोकावतो आहे. पाठाच्या इतिहासात हा कणा मोलाचा ठरतो. हातनकलेत तो उतरत नाही, कारण नक्कल करणारा शुद्ध अक्षरच उतरवतो.

दिग्रस तालुक्यात कुणाच्या घरी देवघरातील लाल फडक्यात बांधलेली पोथी, कुणाकडे जमाबंदीचे जुने कागद असतील, त्यांनी ते कुण्या हौशी माणसाच्या हाती देऊ नयेत, आणि पान फाटले म्हणून चिकटपट्टी तर मुळीच लावू नये. तिचा गोंद कागदात मुरतो व काही वर्षांनी अक्षरांसकट पान तपकिरी होते. कागद घरातून हलवायचा नसेल तर यंत्रच घरी यावे. प्रतिमा मात्र एकाच खणात ठेवू नये: एक प्रत घरमालकाकडे, एक यवतमाळास, एक दुसऱ्या जिल्ह्यातील दप्तरखान्यात, आणि प्रत्येक प्रतीसोबत ती कोणत्या पोथीवरून, कधी, कोणत्या प्रकाशात घेतली याची टीप. तसेच दर काही वर्षांनी त्या प्रतिमा उघडून तपासाव्या व नव्या माध्यमावर उतरवाव्या लागतात. साउथ केन्सिंग्टनच्या कोठारात प्रतींची अशी विभागणी कोणी केली नव्हती.