पोटातली चौदा इंजेक्शनं आणि मेंढीचा मेंदू

'कुत्रा चावला तर पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील', ही धमकी तुमच्या आईबाबांनी लहानपणी नक्की ऐकली असणार. पण पोटातच का? आणि इतकी का?

कारण त्या लसीत मेंढीचा मेंदू होता. खरंच. डेव्हिड सेंपल या ब्रिटिश डॉक्टरांनी १९११ साली कसौलीला ही पद्धत बसवली. रेबीजचा विषाणू जनावराच्या मेंदूत वाढवायचा, फिनॉल घालून मारायचा आणि त्याच मेंदूचा अर्क माणसाला टोचायचा. आपल्याकडे त्यासाठी मेंढ्या वापरत. रोजचा डोस मोठा, म्हणून पोटाची सैल कातडी.

आता गंमत नाही, गंभीर भाग. विषाणू मेलेला, तरी काही शेकड्यांत किंवा काही हजारांत एखाद्याचे पाय आठ-पंधरा दिवसांत लुळे पडायचे, लघवी अडायची. काही जण दगावले. पाश्चरच्या लसीतही हे दिसलं होतं. तीही सशाच्या मज्जारज्जूपासून बनायची. हा रेबीजच तर नाही ना, अशी शंका बरीच वर्षं होती.

उत्तर मिळालं १९३०च्या दशकात, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये. थॉमस रिव्हर्स यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क पुन्हापुन्हा टोचला. त्यात रेबीज नव्हताच. तरी काही माकडं लुळी पडली! वायरवर प्लास्टिक असतं ना, तसं मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं. परक्या मेंदूतलं मायलिन पाहून शरीर चवताळतं आणि मग स्वतःचंही वेष्टण खायला लागतं. मल्टिपल स्क्लेरोसिसवरचं बरंचसं संशोधन याच प्रयोगातून पुढे गेलं.

मग लस बंद का नाही केली? कारण रेबीजची लक्षणं दिसली की मृत्यू जवळपास ठरलेला. त्यापुढे हा धोका लहानच. पण १९७०च्या दशकात पेशींवर वाढवलेली, मेंदूचा अंशही नसलेली लस आली. १९८४ पासून जागतिक आरोग्य संघटना सांगत होती, मेंदूची लस थांबवा. भारतात ती थांबली डिसेंबर २००४ मध्ये. मला खटकतात ती ही वीस वर्षं. खिशात पैसे असलेला नवी लस विकत घेत होता, सरकारी दवाखान्याच्या रांगेतल्याला मेंढीची.

आता दंडात चार-पाच डोस पुरतात. आणि हो, कुत्रा चावला तर आधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, मग लगेच दवाखाना गाठा.