पूर आवरण्याच्या आराखड्यात आमची वस्ती कुठे आहे?

दरवर्षी पावसाळा तोंडावर आला की घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंडच्या डोंगरउतारावरील घरांना सरकारी नोटिसा येतात. घर धोकादायक आहे, दुसरीकडे राहायला जा, जीवितहानी झाल्यास प्रशासन जबाबदार राहणार नाही. कुठे जायचे, हे त्या कागदावर नसते. या वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला एकच प्रश्न पडतो. पुरापासून संरक्षणाच्या योजना आखल्या जातात, कोटींची तरतूद होते, तेव्हा 'संरक्षण' नेमके कोणाचे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना बाबासाहेबांकडे जावे लागते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री असताना, १९४३ साली दामोदर नदीला महापूर आला. पुढे ८ नोव्हेंबर १९४५ रोजी ओडिशातील नद्यांच्या पुरावर कटकला परिषद झाली. नदीला बांध घालून पाणी रोखायचे, हा तोवरचा सरकारी उपाय होता. बाबासाहेबांनी तो अपुरा ठरवला. जास्त पाणी हा शत्रू नाही, पाण्याच्या अभावाने माणसे अधिक हाल सोसतात, म्हणून पाणी साठवा आणि शेती, वीज, जलवाहतुकीसाठी वापरा, अशी त्यांची मांडणी होती. पूरनियंत्रण त्यांच्यासाठी ठेकेदाराचे काम नव्हते. गरिबी हटवण्याचे ते साधन होते.

मुंबईत काय झाले? इथली पर्जन्यजलवाहिन्यांची जुनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस झेलेल एवढीच, तीही ओहोटी असेल तर. १९८५ च्या अतिवृष्टीनंतर महापालिकेने अभ्यास करून घेतला. तोच 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल. १९९३ मध्ये तो सादर झाला. क्षमता तासाला ५० मिलिमीटर करावी, उदंचन केंद्रे उभारावीत, असे त्यात होते. खर्च सुमारे ६१६ कोटी. पुढची १२ वर्षे त्यातले बहुतेक काम कागदावरच राहिले.

मग २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नाही. उपनगरे बुडाली, शहरात ४०० हून अधिक माणसे गेली. यावेळी मोटारीत अडकलेला मध्यमवर्गही बुडाला आणि फाइल हलली. ऑगस्टमध्ये मिठी नदी विकास प्राधिकरण स्थापन झाले. डॉ. माधव चितळे यांच्या सत्यशोधन समितीने कारणे तपासली. २००७ मध्ये केंद्राने ब्रिमस्टोवॅडसाठी १,२०० कोटी मंजूर केले. ६१६ चे १,२०० झाले, ही विलंबाची रुपयांतली किंमत. माणसांतली किंमत वेगळी.

दोष मात्र झोपडपट्टीवर आला. मिठीचे पात्र 'त्यांनी' अडवले म्हणे! विमानतळासाठी नदी कोणी वळवली? वांद्रे-कुर्ला संकुलासाठी खाडीकाठची दलदल कोणी बुजवली? रुंदीकरणात झोपड्या हटल्या, धावपट्टी मात्र जागेवर राहिली. आणि गाळाचे काय? २०२५ मध्ये मिठीच्या गाळउपशातील सुमारे ६५ कोटींच्या कथित घोटाळ्याचा गुन्हा पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने नोंदवला. गरिबाची पत्र्याची खोली 'अतिक्रमण', आणि हे काय?

नाल्यांच्या आराखड्यात डोंगर तर बसतच नाही. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरात दरड कोसळून ६० हून अधिक माणसे गाडली गेली. २००५ च्या त्याच २६ जुलैला साकीनाक्यातही दरड कोसळून अनेक बळी गेले. २०१० मध्ये मुंबई झोपडपट्टी सुधार मंडळाच्या सर्वेक्षणात डोंगरउतारावरील ३२७ जागा आणि २२,४८३ झोपड्या मोजल्या गेल्या. त्यांपैकी ९,६५७ झोपड्या आधी हलवाव्यात, अशी शिफारस झाली. ११ वर्षांनी, १८ जुलै २०२१ रोजी, एकाच पहाटे चेंबूरच्या वाशीनाका भागात आणि विक्रोळीच्या सूर्यनगरात मिळून २९ जणांचा बळी गेला. सरकारला धोका माहीत होता. यादी तयार होती.

'मग तिथे राहताच कशाला?' असे आम्हाला विचारले जाते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेल्या अनेक कुटुंबांना या शहराने काम दिले, जागा दिली नाही. उरला तो डोंगर आणि नाल्याचा काठ. गावात पाणी नाही म्हणून ज्यांना निघावे लागले, तेच शहरात पाणी जास्त झाले म्हणून मरतात. बाबासाहेबांनी कटकला पाण्याचा अभाव आणि अतिरेक एकत्र विचारात घेतला होता. आमच्या लोकांनी दोन्ही एकाच आयुष्यात भोगले.

म्हणून नोटीस हे नियोजन नव्हे. नुसती संरक्षक भिंत हेही नियोजन नव्हे. भिंतीमागचे पाणी निघायला छिद्रे आणि वर गटार नसेल, तर चिंब मातीचा भार तीच भिंत घरावर लोटतो. आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक वॉर्डात कोणत्या भिंतीवर, कोणत्या नाल्यावर किती खर्च झाला, ते वस्तीत फलक लावून सांगा. धोकादायक घरांचे पुनर्वसन त्याच परिसरात करा, कारण रोजगार आणि मुलांची शाळा तिथेच आहे. आराखडा ठरताना वस्तीतल्या माणसांना, विशेषतः बायकांना, बैठकीत बसवा. पाणी आधी कुठून घुसते हे त्यांना पाठ असते.

पुढच्या मे महिन्यात नोटीस येईल, तेव्हा बंधू-भगिनींनो, ती फाडू नका, जपून ठेवा. धोका सरकारला माहीत होता, याचा तो लेखी पुरावा आहे.

जय भीम!