बाप्तिस्म्याविना मरण आणि तारणाचा प्रश्न : गोव्यापासून मुंबईपर्यंत

१/ जानेवारी १५५२. जपानहून परतलेला फ्रान्सिस झेवियर कोचीनहून युरोपातील येशूसंघीय बांधवांना पत्र लिहितो. जपानी नवख्रिस्ती त्याला विचारीत : आमचे दिवंगत आईबाप, आमची गेलेली लेकरे नरकातून सुटतील काय? त्याचे उत्तर नकारार्थी होते. ते ऐकून लोक रडत, आणि ते पाहून आपल्यालाही दुःख होई, असे तो नोंदवतो.

२/ या कठोर उत्तरामागे जुनी परंपरा होती. आदिपाप बाप्तिस्म्यानेच धुतले जाते, म्हणून बाप्तिस्म्याविना गेलेल्या अर्भकांनाही, सौम्य का होईना, शिक्षा आहेच, असे पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने मांडले. १४४२ मध्ये फ्लोरेन्सच्या धर्मपरिषदेने ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही, हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले.

३/ अर्भकांच्या बाबतीत हे मत पचणे अवघड होते. म्हणून मध्ययुगीन पंडितांनी ‘लिंबो’ची कल्पना मांडली : तेथे यातना नाहीत, पण ईश्वरदर्शनही नाही. ती शतकानुशतके शिकवली गेली. अधिकृत श्रद्धासिद्धान्त मात्र कधीच झाली नाही.

४/ दारे सर्वस्वी बंदही नव्हती. संकटसमयी कोणीही, अगदी अख्रिस्ती व्यक्तीनेही, योग्य हेतूने व विधीने दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य मानला जाई. १५४७ मध्ये ट्रेन्टच्या परिषदेने बाप्तिस्म्यासोबत ‘बाप्तिस्म्याची इच्छा’ हाही मार्ग मान्य केला.

५/ गोव्यात या सिद्धान्ताला राजसत्तेची जोड मिळाली. आईवडील व आजीआजोबा नसलेल्या हिंदू मुलांना संत पॉल महाविद्यालयाच्या स्वाधीन करून बाप्तिस्मा द्यावा, असा पोर्तुगीज राजाचा हुकूम १५५९ मध्ये निघाला. आत्मा वाचवण्याची तळमळ आणि घराण्यापासून मूल तोडणारी सक्ती येथे एकाच कागदावर उतरली.

६/ धर्मांतरितांपुढील पेच वेगळा होता. पितरांचे श्राद्ध ही पुत्राची जबाबदारी. बाप्तिस्म्यानंतर तेच कृत्य अपराध ठरे. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय आले आणि अशा आचारांवर पाळत बसली. ज्या पूर्वजांसाठी पिंड ठेवायचा, त्यांना आशाच नाही, असे नवा धर्म सांगत होता.

७/ बदल हळूहळू झाला. १८६३ मध्ये पोप पायस नववे यांनी, स्वतःचा दोष नसताना ख्रिस्ताविषयी अज्ञानी राहिलेल्या सदाचारी माणसाचा मार्ग खुला मानला. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘लुमेन जेन्शियम’ या दस्तऐवजाने तो विचार पुढे नेला. ईश्वराच्या तारणयोजनेत त्याने मुसलमानांचा नावानिशी उल्लेख केला. ज्या मालेगावात ख्रिस्ती माणसाचे बहुतेक शेजारी मुसलमान वा हिंदू, तेथे हे कलम निव्वळ पंडिती राहत नाही.

८/ त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली. तिच्या निमित्ताने झालेल्या चर्चासत्रात हान्स क्यूंग यांनी धाडसी मत मांडले : बहुसंख्य मानवांसाठी त्यांचे स्वतःचे धर्म हाच तारणाचा ‘सामान्य’ मार्ग होय. ख्रिस्तसभेने ते स्वीकारले नाही. पण असा विचार उघडपणे मांडला गेला, तोही मुंबईत.

९/ २ डिसेंबरला पोप पॉल सहावे मुंबईत उतरले. भारतात आलेले ते पहिले पोप. दुसऱ्या दिवशी इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातील प्रार्थना उद्धृत केली.

१०/ अर्भकांचा प्रश्न राहिला होता. १९९२ च्या धर्मशिक्षाग्रंथाने त्यांना ईश्वराच्या दयेवर सोपवले. २००७ मध्ये, पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने, आंतरराष्ट्रीय ईश्वरविद्या आयोगाने त्यांच्या तारणाची आशा धरण्यास सबळ कारणे असल्याचे प्रतिपादन केले.

११/ ही आशा आहे, हमी नव्हे. आणि अर्भकांना वेळेवर बाप्तिस्मा देण्याचा आग्रहही कायम आहे. तरीही लेकरू गमावलेल्या आईला आज कॅथलिक धर्मगुरू जे सांगू शकतो, ते १५५२ मध्ये झेवियरला सांगता आले नव्हते.