दाबाच्या काट्यापलीकडे

इंदूरच्या वाचकाला सुपरचार्जरची, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या कॉम्प्रेसरची, ओळख करून द्यायची तर फार लांब जावे लागत नाही. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेची ड्यूझेनबर्ग एसजे ही सुपरचार्जर असलेली मोटार मागवली. लंडनच्या गर्नी नटिंगने तिच्यावर बॉडी चढवली; रंग केशरी आणि काळा. तिच्या रूपावर पुष्कळ लिहून झाले आहे. मला बॉनेट उघडायचे आहे.

आत एका ओळीत आठ सिलिंडर, सुमारे ६.९ लिटरचे इंजिन. सुपरचार्जरविना हेच इंजिन २६५ अश्वशक्तीचे. सुपरचार्जरसह कंपनीचा आकडा ३२०. म्हणजे वाढ साधारण २१ टक्के. दाब मात्र मिनिटाला ४,००० फेऱ्यांना सुमारे ५ पीएसआय, समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबात ३४ टक्क्यांची भर. मधली तफावत गेली कुठे? हा प्रश्न सुटला की निम्मा विषय सुटला.

थोडी ताकद सुपरचार्जर फिरवण्यातच खर्ची पडते, कारण तो इंजिनाच्याच जिवावर फिरतो. पण खरी मेख उष्णतेत आहे. मे महिन्यातली इंदूरची दुपार घ्या. हवा ४० अंश. ती १.३४ पट दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर बाहेर पडताना ती ८५ अंशांच्या आसपास तापलेली असते. तापलेली हवा विरळ होते. म्हणून दाब ३४ टक्के वाढूनही हवेचे वजन वाढते जेमतेम १७ टक्के. पेट्रोल किती जाळता येईल हे हवेच्या वजनावर ठरते, दाबाच्या काट्यावर नव्हे. शिवाय गरम हवा नॉकिंगला, म्हणजे मिश्रण आपोआप भडकण्याला, आमंत्रण देते. त्यात इंदूर साडेपाचशे मीटर उंचावर, म्हणजे इथली हवा मुळातच पाचएक टक्के विरळ.

म्हणून सुपरचार्जरच्या जुळणीची सुरुवात इंजिनापासून करावी. लिटर किती, फेऱ्या किती, सिलिंडर प्रत्यक्षात किती भरतात, यावरून मिनिटाला लागणारी हवा काढावी आणि कॉम्प्रेसरच्या आलेखावर तो बिंदू कुठे पडतो ते पाहावे. फार डावीकडे गेला तर प्रवाह उलटू लागतो, ज्याला सर्ज म्हणतात. फार उजवीकडे कार्यक्षमता ढासळते. गॅरेजात बहुधा उलटा कारभार चालतो. हाती येईल तो सुपरचार्जर आधी बसतो, मग तो अधिक वेगाने फिरावा म्हणून त्याची पुली लहान होत जाते, आणि काटा चढला की सगळे खूश. वाढलेला भार पेलण्यासाठी ड्यूझेनबर्गने एसजेचे कनेक्टिंग रॉडसुद्धा बदलून पोलादी नळीचे केले होते, हे कुणाच्या ध्यानात नसते.

गाडी कुठे चालणार, हेही तितकेच महत्त्वाचे. एसजेचा सुपरचार्जर सेंट्रिफ्यूगल. अशा यंत्राचा दाब ढोबळमानाने फेऱ्यांच्या वर्गाबरोबर वाढतो. ४,००० ला ५ पीएसआय देणारा २,००० ला सव्वा देईल. पीथमपूरच्या नॅट्रॅक्सच्या ११.३ किलोमीटरच्या ट्रॅकवर तो शोभेल. राजवाड्याच्या गर्दीत नुसते ओझे. तिथे कमी फेऱ्यांनाही हवा ढकलणारा रूट्स जातीचा सुपरचार्जर बरा, मात्र तो हवा अधिक तापवतो.

हा सगळा हिशेब मांडायला वाचकाला बारावीचे भौतिकशास्त्र येत असले तरी पुरे. फक्त तापमान केल्विनमध्ये मांडायला विसरू नये. गणिते बहुधा तिथेच फसतात.